अल्व्हिनची कंबर आणि गुरुवारची नोरीन

तुमचा नवरा दुसऱ्या बाईपुढे कधी कण्हलाय का? हसू नका, सरळ विचारतेय. माझा कण्हायचा. दर गुरुवारी, दुपारचं जेवण झालं की, आमच्या लिंड ग्रोव्ह गावच्या मुख्य रस्त्यावरच्या एका पांढऱ्या घरात, एका पातळ भिंतीपलीकडे. भिंतीच्या अलीकडे मी, मांडीवर पर्स घेऊन, मागच्या वर्षीची मासिकं उलटीसुलटी चाळत.

आत काय चालायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. अल्व्हिन उपचाराच्या टेबलावर पालथा, तोंड त्यासाठीच ठेवलेल्या भोकात, आणि डॉक्टर नोरीन व्होल्कर्स त्याच्या कमरेवर दोन्ही तळहात रोवून उभी. ती म्हणायची, "श्वास सोडा, अल्व्हिन." मग टेबलाचा मधला तुकडा धाडकन खाली बसायचा आणि पाठोपाठ तो आवाज यायचा. लांब, खोल, अगदी तळातून निघालेला, पाठीवरचं ओझं उतरवल्यावर घोडं उसासा सोडतं तसा. आमच्या लग्नाला चाळीसेक वर्षं झाली होती. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. ना पलंगावर, ना दवाखान्यात, ना त्याची आई गेली तेव्हा.

आणि ती नोरीन कोण? जिला मी रविवारच्या शाळेत बायबलच्या गोष्टी शिकवल्या, जिचा शेंबूड मी माझ्या रुमालानं पुसला, तीच.

आता अल्व्हिनबद्दल सांगते, नाहीतर तुम्ही त्याला रंगेल म्हातारा समजाल.

अल्व्हिन हार्म्स ज्या घरात राहतो त्याच घराच्या वरच्या खोलीत जन्मला. त्याचा बाप गेर्ड हार्म्स जेवताना बोलायचा नाही, आणि जेवण नसेल तेव्हाही बोलायचा नाही. एकदा तो चाऱ्याच्या उंच कोठीवरून खाली पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि तसाच चालत घरी येऊन म्हणाला, "जरा लागलंय, जेवण झालं की बघू." त्या घरात वाढलेला पोरगा. गोठ्यात तो चालायला लागला तेव्हापासून आहे. पट्टेरी डांगरी, वरच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या, पिकअप चालवताना समोरच्याला ओळख द्यायची ती स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून. "कसा आहेस?" विचारलं की उत्तर एकच: "वाईट नाही." गाय मेली, गारा पडल्या, पोटचं पोर दूर गेलं, तरी वाईट नाही.

मला मागणी घातली ती जत्रेतल्या गुरांच्या प्रदर्शनात. कुंपणाला टेकून, माझ्याकडे न बघता, समोरच्या कालवडीकडे बघत म्हणाला, "तुझी हरकत नसेल, तर माझी काही नाही." मी म्हटलं, "ही मागणी आहे की पावती?" त्याचे कान लाल झाले. एवढ्यावर मी हो म्हणाले. का, ते मला आजही सांगता येत नाही, पण पस्तावले नाही.

मी त्याच्या अगदी उलट. मला बोलता येतं. कॉलेज पाहिलं नाही, पण काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, वाचनालयातली कायद्याची पुस्तकं मी एवढी झिजवली की तिथली बाई माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवायची. गावची शाळा बंद करायला निघाले तेव्हा मी उभी राहिले. ओढ्यावरचा पूल नादुरुस्त ठेवला तेव्हा उभी राहिले. काउंटी बोर्डाचे लोक मला दारातून येताना पाहिलं की कॉफीचे पेले बाजूला सरकवतात. आणि जेव्हा एका कंपनीनं आमच्या कुंपणाला लागून डुकरांचा कारखाना काढायचा घाट घातला, हजारो डुकरं आणि त्यांच्या घाणीचं उघडं तळं, तेव्हा मी त्या सभागृहात उभी राहून म्हणाले, "जोवर त्या गोठ्यात एक हार्म्स गाईखाली बसतोय, तोवर आमच्या कुंपणाला लागून मुताचं तळं होणार नाही."

आमच्याकडे लोक टाळ्या वाजवत नाहीत. त्या दिवशी वाजवल्या. कंपनीनं पुढे गाशा गुंडाळला. अल्व्हिन मागे दाराजवळ बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. घरी येताना मी विचारलं, "कसं झालं?" म्हणाला, "वाईट नाही." त्या भाषणाचा मला अभिमान आहे, आजही आहे. पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की नसावा. तर तसं नाही.

त्याच्या पुढच्या वसंतात त्याची कंबर गेली. आमचा गोठा जुन्या पद्धतीचा, गाई रांगेत बांधलेल्या. यंत्र असलं तरी प्रत्येक गाईखाली वाकून बसायचं, कास पुसायची, कप लावायचे, उठायचं, पुढच्या गाईखाली बसायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, नाताळलाही आणि ताप असला तरीही. एका सकाळी तो खाली बसला तो उठलाच नाही. मी गेले तेव्हा गाईच्या पायाला धरून उकिडवा होता आणि मला म्हणाला, "जरा उसण भरलीय. तू कॉफी टाक."

मोठ्या दवाखान्यात नेलं. फोटो काढला, गोळ्या दिल्या, म्हणाले शस्त्रक्रियेसारखं काही नाही, फार पडून राहू नका, चालत राहा, वजन जपून उचला. बरोबरच बोलले. पण गाय जपून बसू देत नाही. अल्व्हिन भिंतीला पाठ घासत चालायला लागला. खुर्चीतून उठायचा ते हप्त्याहप्त्यानं. चर्चच्या गायकवृंदात खर्जातला आवाज त्याचा होता. उभं राहवेना म्हणून तेही सोडलं, आणि कारण सांगितलं की घसा बसलाय.

शेवटी शेजारचा मायरन श्नूर त्याला पिकअपमध्ये घालून नोरीनकडे घेऊन गेला. मला विचारलं नाही. आमच्या भागात गावाला पाद्री नसला तर शेजारच्या गावचा येतो, पण हातानं मणके बसवणारा कायरोप्रॅक्टर मात्र ज्याच्या त्याच्या गावाचा लागतो. हे शास्त्रच मुळी इथून जवळ, नदीकाठच्या डॅव्हनपोर्टात निघालं. तेव्हा नोरीनकडे जाण्यात मला वावगं काही वाटलं नाही. वावगं वाटलं ते तो परत आला तेव्हा. सरळ चालत आला. आणि शीळ घालत आला.

"बरं वाटतंय?" मी विचारलं.

"तिचे हात चांगले आहेत," अल्व्हिन म्हणाला.

आता बघा. या माणसानं माझ्या हातच्या स्वयंपाकाला, माझ्या शिवणाला, मी जिंकलेल्या प्रत्येक लढाईला "वाईट नाही" म्हटलंय. चांगलं हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला, आणि निघाला तो नोरीनच्या हातांसाठी.

पुढच्या गुरुवारपासून मीच गाडी चालवायला लागले.

समोरच्या टेबलाशी डार्लीन बसायची, चर्चमधल्या आमच्याच रांगेतली. वेळा लिहून घेणं हे तिचं काम, आणि सगळ्यांच्या खोड्या काढणं ही हौस.

"लोरेटा, आजही आलीस? त्याला रस्ता माहीत आहे की."

"कमरेला माहीत नाही. खड्डे चुकवायला मी लागते."

"मला वाटलं पहाऱ्याला बसतेस."

"पहारा द्यायला आत काय सोनं ठेवलंय?"

"सोनं नाही बाई. अल्व्हिन आहे," डार्लीन म्हणाली, आणि खोलीतल्या तीन म्हाताऱ्या एकदम मासिकात तोंड घालून बसल्या. खांदे मात्र हलत होते.

समजून घ्या, आमच्यात माणसं एकमेकांना हात लावत नाहीत. रविवारी चर्चच्या दारात पाद्र्याशी हात मिळवला की आठवड्याचा वाटा संपला. दुखलं तर सांगत नाहीत, सांगितलं तर लाज वाटते. अशा मुलखात एक खोली आहे जिथं माणूस आडवा होतो, कुणीतरी त्याला जिथं दुखतं नेमका तिथंच हात लावतं, आणि तिथं कण्हलं तर कुणी तोंड फिरवत नाही. त्या खोलीसमोर रांग लागणार नाही तर काय? मी हे सगळं समजत होते. समजल्यानं जळणं थांबत असतं तर मी केव्हाच थंड झाले असते.

आणि नुसतं कण्हणं असतं तर मी एकवेळ सोडून दिलं असतं. तो बोलायचा. भिंतीपलीकडून शब्द कळायचे नाहीत, खोलीतला मोठा पंखा सगळं गिळायचा, पण त्याचा खर्ज मला कळत होता. एक वाक्य नाही, दोन नाही. चांगला लांबलचक बोलायचा. मध्ये नोरीनचं "हं" आणि पुन्हा तो.

परतताना मी विचारायचे, "काय बोलत होतास?"

"काही नाही."

"काही नाही बोलायला एवढा वेळ लागतो?"

"हवेबद्दल."

"कुठली हवा?"

"येणारी," म्हणून तो खिडकीबाहेरच्या मक्याकडे बघत बसायचा.

मक्याचंही सांगते. आमच्या घरी दर जुलैत एक गोष्ट व्हायची. गोड मक्याची पहिली कणसं अल्व्हिन पहाटे तोडायचा, कवेत भरून आणायचा आणि एक शब्द न बोलता माझ्या ओट्यावर ठेवून जायचा. मी पाणी उकळत ठेवायचे. लोकांचे नवरे फुलं आणतात, कार्ड लिहितात. माझ्या नवऱ्याचं जे काही होतं ते त्या कवेत होतं. त्या वर्षी पहिली कणसं कागदी पिशवीत घालून पिकअपच्या सीटवर ठेवलेली दिसली. गुरुवार होता.

"हे कुणाला?"

"नोरीनला. तिच्याकडे बाग नाही."

"आणि मला?"

"घरी शेत आहे की," तो खरोखरच गोंधळून म्हणाला. "उद्या आणतो."

उद्याची कणसं दुसरी कणसं. मी ती उकडली, लोणी लावलं, मीठ लावलं, आणि खाल्लं नाही. त्यानं चार खाल्ली.

मग ती कालवड. आमच्यात कालवड पहिल्यांदा व्यायली, रांगेत तिला जागा मिळाली, की तिचं नाव पडतं आणि तिच्या डोक्यावरच्या फळीवर ते रंगवतात. नावं अल्व्हिनच ठेवतो. त्याला एवढीच गंमत माहीत आहे: माझ्याशी भांडलेल्या काउंटी बोर्डवाल्यांच्या बायकांची नावं त्यानं लाथाळ गाईंना दिलीत, आणि विचारलं तर म्हणतो योगायोग. त्या उन्हाळ्यात व्यायलेल्या गाईच्या फळीवर मी वाचलं: नोरीन.

"ही लाथ मारते का?" मी विचारलं.

"नाही. फार शांत आहे."

मी बादली तिथंच ठेवली आणि घरात गेले. बादली जरा जोरात ठेवली असेल.

ऑगस्टात एका गुरुवारी डार्लीननं कपाळ पुसत सांगितलं, "आतला पंखा बिघडलाय बायांनो, आज सगळे घाम गाळा." मी मासिक उघडलं. अल्व्हिन आत गेला, दार लागलं. टेबल धाडकन वाजलं, तो आवाज आला, आणि त्यानंतर पहिल्यांदा मला शब्द ऐकू आले. कान लावायला उठले नाही. उठायची गरज नव्हती.

"मला थांबायचंय, नोरीन," अल्व्हिन म्हणाला. भोकातून, जमिनीशी बोलल्यासारखा. "आता रोज सकाळी उठताना त्या गाईंचा राग येतो. गाईंचा राग मला कधी आला नव्हता. विकून टाकाव्यात असं वाटतं."

"मग विका," नोरीन म्हणाली. "मी तुमची कंबर सैल करते, तुम्ही जाऊन पुन्हा गाईखाली बसता. मी करते त्यानं एक-दोन दिवस बरं जातं. त्याच्यापुढे माझे हात पोचत नाहीत. हे मी तुम्हाला वसंतातच सांगितलं होतं."

"लोरेटानं सगळ्यांसमोर सांगितलंय, गोठ्यात हार्म्स आहे तोवर. मी उठलो तर तिचा शब्द खोटा पडतो."

"तिला विचारलंत?"

"ती नाही म्हणणार नाही," अल्व्हिन म्हणाला. "तोच त्रास आहे. ती हो म्हणेल, आणि मग त्या सभागृहात तिला खाली बघावं लागेल. तिला खाली बघताना मी पाहिलेलं नाही. मला बघायचं पण नाही."

डार्लीनचं लिहिणं थांबलं होतं. त्या तीन म्हाताऱ्यांपैकी एकीनंही पान उलटलं नाही. मी पर्स घेतली आणि बाहेर पिकअपमध्ये जाऊन बसले.

तुम्हाला वाटेल मी विरघळले असेन. मी पेटले होते. माझ्याबद्दल एवढं सगळं आणि ते मला नाही? मला सोडून गावातल्या तीन म्हाताऱ्यांना, डार्लीनला आणि नोरीनला? गाई ठेवायच्या की विकायच्या, हा माझ्या घराचा, माझ्या म्हातारपणाचा प्रश्न, आणि तो माझ्या घराबाहेर, एका परक्या टेबलाखालच्या फरशीला विचारला जात होता. घरी जाईपर्यंत आम्ही बोललो नाही. तो नेहमीच बोलत नाही, त्यामुळे त्याला काही वेगळं जाणवलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी कॉफी केक केला. आमच्याकडे भांडायला रिकाम्या हातानं जात नाहीत. नोरीनच्या मागच्या दारानं शिरले; ती टेबलावर नवीन कागद पसरत होती.

"मिसेस हार्म्स," ती म्हणाली. "या ना. केक कशाला?"

"अल्व्हिन काय बोलतो इथं?"

"ते मी सांगणार नाही."

"मी काल सगळं ऐकलंय."

"मग मी कशाला सांगू?" नोरीन म्हणाली, आणि कागद नीट बसवत राहिली. लहानपणीही अशीच होती. नोहाच्या महापुराच्या गोष्टीत मासे का बुडाले नाहीत, असं विचारून मला भर वर्गात गप्प केलं होतं.

"मी त्याची बायको आहे, नोरीन. त्यानं मला सांगायला हवं होतं. तुझ्यात असं काय आहे?"

"माझ्यात काही नाही. तो मला बघत नाही, एवढंच. त्याला फक्त माझे बूट दिसतात." तिनं भोकाकडे बोट केलं. "या घरात सगळेच बुटांशी बोलतात. मायरनसुद्धा. तुम्ही पण बोलाल."

"मी माणसाच्या डोळ्यात बघून बोलते. सगळ्या काउंटीला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," नोरीन म्हणाली. "म्हणूनच तुमच्यासमोर बोलायला अवघड जातं. झोपा बरं जरा. मान आखडलीय तुमची, दारातून आलात तेव्हाच दिसलं."

मी झोपले नसते. पण मान खरंच आखडली होती, आणि माघार घ्यायला मागचं दार लांब होतं. तोंड भोकात घातलं. खाली फरशी, आणि तिचे पांढरे बूट, एकाची नाडी दुसऱ्यापेक्षा जुनी. तिनं मानेखाली बोटं ठेवली, खांदे दाबले, कंबर चाचपली. "इथं?" विचारलं. मी म्हणाले, "वाईट नाही." आणि मग का कोण जाणे, गाई गेल्यावर मी नेमकी कोण असेन, असं काहीतरी त्या बुटांना सांगायला लागले. पुढचं सांगत नाही. कागद ओला झाला एवढंच म्हणते. बाकी तुम्हाला काय करायचंय?

उठताना मी विचारलं, "त्याला घरी असं बोलायला लावायचं कसं? तुझं टेबल मी उचलून नेऊ शकत नाही."

"मला नाही माहीत," नोरीन म्हणाली. "घरी तो तोंड खाली कुठं घालतो?"

हे मला कळायला घरी जाऊन संध्याकाळ व्हावी लागली. दुधाची वेळ होती. मी गोठ्याच्या दारात उभी राहिले तर अल्व्हिन एका गाईखाली बसलेला, कप लावताना कपाळ तिच्या कुशीला टेकलेलं. तो कायम असाच बसतो. सगळेच बसतात, गाय हलायला लागली की कपाळाला आधी कळतं. तोंड गाईच्या पोटात, डोळे कासेवर, जग दिसत नाही. चाळीस वर्षं मी त्या दारातून हाक मारत आले होते की जेवायला चल. आत कधी थांबले नव्हते.

मी गाईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले. आमच्या मध्ये गाय. फळीकडे बघितलं तर ती नोरीन. तिथंही नोरीनच. पण मी हलले नाही.

"अल्व्हिन," मी गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गाई विकायच्या का?"

यंत्राची धकधक चालू होती. त्याचं कपाळ उठलं नाही. मला बोलायचा एवढा सराव आहे की गप्प राहताना जीभ दुखते, पण मी गप्प राहिले. गाईनं शेपटी एकदा इकडून तिकडे केली.

"तुझा शब्द आहे," गाईच्या पलीकडून तो म्हणाला.

"शब्द माझा. कंबर तुझी. माझा शब्द धरायला तुझी कंबर कुणी मागितली होती?"

"मागितली नव्हती."

"मग?"

"मी दिली," अल्व्हिन म्हणाला. एक कप नीट बसवून म्हणाला, "मला तेवढंच देता येत होतं. तू सभेत बोलतेस, मी बोलत नाही. मला वाटलं मी बसून राहिलो तर तेवढं तरी तुझ्या बाजूनं होईल."

आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं? जे मी नोरीनच्या भिंतीतून ऐकलं होतं त्याच्यापेक्षा हे जास्त होतं, आणि हे फक्त माझं होतं. डार्लीननं ऐकलं नव्हतं. मी गाईच्या पाठीवरूनच विचारलं, "विकल्या तर कसं होईल?"

त्यानं कप काढले, कास पुसली, आणि कपाळ तसंच ठेवून म्हणाला, "चांगलं होईल."

चांगलं. मला मिळालेलं पहिलं.

शरदात काउंटी बोर्डाची बैठक होती. लोकांना बोलायला वेळ देतात त्यात मी उभी राहिले. कॉफीचे पेले सरकले. मी म्हणाले, "मी दिलेला शब्द परत घ्यायला आलेय. अर्धा. हार्म्सच्या गोठ्यात या हिवाळ्यापासून गाय असणार नाही, कारण अल्व्हिनची कंबर दुखते." मी ते शब्द मोठ्यानं म्हणाले, कारण त्या खोलीत निम्म्या लोकांची दुखत होती आणि एकानंही कधी म्हटलं नव्हतं. "कुंपण मात्र आहे तिथंच राहील, आणि कुंपणाला लागून मी राहीन. ज्यांना तळं करायचं असेल त्यांनी आधी मला विचारायचं."

मागून मायरन म्हणाला, "म्हणजे आता गाईंच्या जागी तू?"

"हो. दूध देणार नाही, मायरन. लाथ देईन."

टाळ्या झाल्या नाहीत, हसले सगळे. मी खाली बघितलं नाही. खाली बघायचं होतं कुठं, वळले तर समोर दाराजवळ अल्व्हिन बसला होता, टोपी गुडघ्यावर. बाहेर पायऱ्या उतरताना त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. खाली, कमरेच्या खळग्यात, चारचौघांत, मायरनच्या डोळ्यांदेखत. गाडीपर्यंत काढला नाही.

गाई नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी गेल्या. कुठली आधी चढवायची हे ठरवायला मी स्वतः उभी होते. ट्रकमध्ये पहिली चढवली ती नोरीन. अल्व्हिननं पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातात ठेवली.

त्याची कंबर सुटली असं समजू नका. थंडीत अजून धरते. बुटाची नाडी बांधायला आता स्टूल लागतं. पण तो गायकवृंदात परत उभा राहतो, आणि संध्याकाळी रिकाम्या गोठ्यात चक्कर मारताना मी शेजारून चालते, त्याच्याकडे न बघता. पुढे बघून चाललं की तो बोलतो. गाईंच्या काळापेक्षा जास्त बोलतो. कधी कधी मला ऐकायचं नसतं तेही.

तो आवाज मात्र अजून डॉक्टर नोरीनचाच. महिन्यातून एक गुरुवार तो जातो, टेबल धाडकन वाजतं, आणि भिंतीपलीकडे तो सगळा श्वास तिच्यासाठी सोडतो. मी घरी करून पाहिलं. जमिनीवर सतरंजी घातली, तळहात रोवले, म्हटलं श्वास सोड. म्हणाला, "वाईट नाही." मी आजही पर्स मांडीवर घेऊन बाहेर बसते आणि आजही जळते. सांगायला लाज कसली?

तेव्हा एक काम करा. लिंड ग्रोव्हवरून जाणार असाल आणि तुमचीही कंबर धरली असेल, तर नोरीनकडे जरूर जा. तिचे हात चांगले आहेत. पण मी तसं म्हणाले हे तिला सांगू नका. आणि जुलै असेल तर कृपा करून तिच्यासाठी मका नेऊ नका, नाहीतर पहिली कणसं तिला न्यायची अल्व्हिनला आठवण होईल.